सिरियस आसा, निघान ये

कणकवलीच्या एसटी स्टँडवर मला मुंबईच्या गाडीत बसवताना बाबा एवढंच म्हणाले होते, "फोन जवळ ठेव गो." आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आईबाबांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं, म्हणून आज लालबागला मावशीकडे राहून वरळीच्या ऑफिसात नोकरी करते.

ऑफिसात 'सिरियस' हा शब्द दिवसभर कानावर पडतो. "सिरियसली? डब्यात परत दुधी?" "ए, एवढी सिरियस नको ना होऊस!" सगळे हसतात. मीही हसते, पण आधी फोनकडे नजर टाकते. गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांना कारण सांगायला नको. आपल्याकडे माणूस गेला तरी मुंबईला फोन जातो तो "सिरियस आसा, निघान ये" असाच. वाटेत कोणी कोसळू नये म्हणून. आजोबांच्या वेळी काका तो निरोप ऐकून धावत आले, तर अंगणात तिरडी बांधून तयार होती.

एका दुपारी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आई सिरियस आसा. निघान ये." पुढे काही न विचारता मी पर्स उचलली आणि निघाले. चाळीत पोचले तर मावशी पिशवी घेऊन दारात उभी. मी दादरला निघाले तरी हातात काहीतरी खायला देणारी ही बाई; त्या दिवशी तिनं वाटेसाठी काहीच बांधलं नव्हतं. ते पाहिलं आणि कळलं, तिनंही त्या निरोपाचा तोच अर्थ घेतला होता. गाडीत आम्ही एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्यात आई खाटेवर होती. नाकात नळी, पण डोळे उघडे.

"इलंस? जेवलंस काय?"

मावशी भावावर ओरडली, "मेल्या, जिती आसा म्हणान सांगूक काय झाला होता?"

"डॉक्टर बोलले ताच सांगलंय," तो रडत म्हणाला.

बरी होऊन घरी आल्यावर आईनंच आम्हाला बजावलं, यापुढे जे असेल ते सरळ सांगायचं. मला धीर यायला हवा होता. उलट भीती वाढली. आधी निदान प्रवासभर 'नसेलही तसं' असं मनाला सांगता यायचं. आता पहिल्याच वाक्यात सगळं कळेल.

फोनवर 'घर' असं उमटलं की अजून मी दोन-तीन रिंग वाजू देते, मगच उचलते. आईला ते ठाऊक आहे. ती हॅलो म्हणतच नाही.

"मी आसंय गो," म्हणते. "आता बोल."

माझं घर आता त्या एवढ्याशा वाक्यातच आहे.