मेजरबाईंचा शनिवार

"आधी दिसा. मग बोला. मग हात लावा."

मेजरबाई वॉर्डच्या दारात थांबून हे म्हणायच्या. कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच, देवळाच्या पायरीवर आपण देवाचं नाव पुटपुटतो तसं. मग पेशंटच्या पायांच्या बाजूला जाऊन उभ्या राहायच्या. त्यानं डोळे उघडून त्यांच्याकडं बघितलं की आपलं नाव सांगायच्या, काय करायला आलोय ते सांगायच्या, आणि त्यानंतरच त्यांचा हात त्याच्या नाडीवर जायचा. डोक्याकडून किंवा पाठीमागून घाईघाईनं त्या कुणाजवळ गेल्या, असं मी एकदाही पाहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण साताऱ्याच्या दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. आमचा अर्धा वॉर्ड कायम फौजींचा. या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस सैन्यात, आणि आमच्याकडं माजी सैनिकांची योजना चालते. झोपलेल्या फौजीला खांदा हलवून उठवायचं नसतं. मेजरबाईंच्या भाषेत, "त्यो उठायच्या आधी त्याचा हात उठतो." आमच्या एका ब्रदरचा, म्हणजे पुरुष नर्सचा, चष्मा असाच गेला. मारणारे आजोबा नंतर दिवसभर त्याची माफी मागत होते, आणि ब्रदर बिचारा त्यांनाच धीर देत होता.

इकडच्या गावांत कुठल्याही फौजीला लोक मेजर म्हणतात. शिपाई म्हणून रिटायर झालेलाही मेजरच. या मात्र खऱ्या मेजर होत्या, सैन्याच्या दवाखान्यात उभी हयात घालवलेल्या नर्स. कडेगावकडच्या. भाऊ ऊस बघायचे, आणि या दर शनिवारी एस.टी.नं कऱ्हाडावरून साताऱ्याला येऊन आम्हाला शिकवायच्या. दवाखान्यानं गाडी देऊ केली, तर म्हणाल्या, एस.टी.त झोप चांगली लागते. नाव लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडणार नाही.

मी गोंदियाकडची. शाळा नववीत सुटली. नवऱ्याला साताऱ्याच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून इकडं आले आणि या दवाखान्यात आया म्हणून लागले. वयानं माझ्याहून मोठ्या सिस्टरही मला मावशी म्हणतात. आमच्या भागात वाक्याच्या शेवटी 'जी' लावायची पद्धत आहे. इथं मी 'जी' म्हटलं की दोघंतिघं एकमेकांकडं बघून हसायचे. वाईट हेतूनं नाही, पण मी घाबरायचे. काही चुकलं तर काढून टाकतील, ही एक भीती. काढलं तर या लांबच्या मुलखात दुसरं काम कोण देणार, ही दुसरी. म्हणून मी तोंड मिटून फडकं मारायचे.

पहिल्या शनिवारी डॉक्टर, सिस्टर, ब्रदर असे सगळे व्यायामाच्या खोलीत जमले. मी खुर्च्या मांडल्या आणि निघाले. मेजरबाईंनी विचारलं, कुठं चाललीस. मी म्हणाले, मी आया आहे जी, हे मोठ्या लोकांचं आहे.

"पेशंटचं अंग कोण पुसतं?"

"मी जी."

"मग बस की."

मी बसले, पण खुर्चीच्या कडेवर. कुणी ऊठ म्हणालं तर पटकन उठता यावं म्हणून. कुणी म्हणालं नाही.

त्यांचा वर्ग म्हणजे फळा नाही, वही नाही. त्या स्वतः टेबलावर आडव्या व्हायच्या आणि रिटायर्ड फौजी बनायच्या. आम्ही एकेकानं जाऊन त्यांना काय होतंय ते शोधून काढायचं. पहिला गेला आमचा तरुण डॉक्टर, सांगलीचा, हसरा, कामाला वाघ. त्यानं विचारलं, काका, काही दुखतंय? उत्तर आलं, न्हाई. झोप? एकदम ओके. जेवण? एकदम ओके. त्यानं पोट दाबलं, पाठ ठोकली, सगळं एकदम ओके. शेवटी तो आमच्याकडं वळून म्हणाला, पेशंट बरा आहे. मेजरबाई उठून बसल्या.

"मेला तुमचा पेशंट. सकाळधरनं छातीत कळ येत हुती त्याच्या."

"पण मॅडम, तुम्ही सांगितलंच नाही."

"आवं डॉक्टर, त्यो कवाच सांगत न्हाई. इतकी वर्षं सायबापुढं 'ठीक है' म्हणत आलाय. तुमी त्याला सायबच दिसताय. दुखतंय का, असं इचारू नका. काय करायचं सोडलं, ते इचारा."

डॉक्टर इतका हसला की त्याला खोकला लागला. मग म्हणाला, परत झोपा, परत विचारतो. असा माणूस. दुसऱ्या वेळी त्यानं विचारलं, काका, हल्ली काय करायचं सोडलंत? मेजरबाईंनी छताकडं बघत सांगितलं की वैरणीचा भारा उचलायचा सोडला, पोराला सांगतो. डॉक्टरनं लगेच छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला घेतल्याचं नाटक केलं. मेजरबाई म्हणाल्या, आता जगला.

खरी परीक्षा झेंडावंदनाच्या दिवशी आली, आणि त्या दिवशी मेजरबाई नेमक्या नव्हत्या.

कोरेगावकडच्या एका गावचे, फौजेतून रिटायर झालेले हवालदार आबा आमच्याकडं दाखल होते. ताठ माणूस. सकाळी चादरीची घडी स्वतः घालायचे, कोपऱ्याला कोपरा लावून. साखरेच्या आजारानं पायाची दोन बोटं काळी पडली होती. मोठ्या सर्जननी सांगितलं होतं की दोन बोटं लगेच काढली तर पाय वाचेल, उशीर केला तर घोट्याच्या वर जावं लागेल. आबा बरं म्हणाले होते.

झेंडावंदन झाल्यावर मॅनेजरसाहेबांना सुचलं की वॉर्डात फौजी आहे, त्याचा सत्कार करू. मनापासून सुचलं, त्यांचे आजोबाही सैन्यात होते. तुमच्याही गावात होतच असणार हे. इकडं कुणी सुट्टीवर आला तरी हार घालतात. शाल आली, नारळ आला, फेटा बांधला, 'भारत माता की जय' झालं. आबांनी बसल्या जागेवरून कडक सॅल्यूट केला. टाळ्या वाजवताना माझेही डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी आबांनी पिशवी भरून खाटेवर ठेवली होती. ड्रेसिंगला पाय दिला नाही. ऑपरेशन करायचं नाही, घरी जातो, म्हणाले. का, तर एकदम ठीक आहे. सर्जन समजावून थकले. डॉक्टरनं काय सोडलंत विचारलं, तर उत्तर आलं, काही नाही साहेब. गावाकडून पुतण्या गाडी घेऊन संध्याकाळी येणार होता. तो आला की पाय गेलाच, हे वॉर्डात सगळ्यांना कळत होतं.

मेजरबाई आल्या तशा आम्ही त्यांना गाठलं. त्या आबांकडं गेल्या नाहीत. काल काय केलं ते सांगा, म्हणाल्या. मॅनेजरसाहेबांनी मोबाईलवर फोटो दाखवला. खरंच देखणा फोटो होता. मेजरबाईंनी तो बराच वेळ बघितला.

"फेटा हाय, शाल हाय. पाय कुठाय?"

आमच्या लक्षात आलं. फोटो चांगला यावा म्हणून कुणीतरी पट्टी बांधलेल्या पायावर चादर ओढली होती.

"तुमी त्यांचा पुतळा केला," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पुतळ्याला ड्रेसिंग नसतं."

मॅनेजरसाहेब मोबाईल खिशात ठेवून म्हणाले, मी माफी मागून येतो. मेजरबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावून थांबवलं. तुमचं मन साफ आहे, पण तुम्ही गेलात की ते परत फेटा बांधून बसतील, असं काहीतरी बोलल्या. मग सर्जन म्हणाले, मॅडम, तुम्हीच जा.

"मी गेले तर त्यो झोपल्या झोपल्या सावधान हुईल." आणि त्या माझ्याकडं वळल्या. "ही जाईल."

मी म्हणाले, मला नाही जमणार जी, मी काय बोलू, माझ्यानं काही बिघडलं तर त्यांचा पाय जाईल. त्या म्हणाल्या की तुला बघून त्यांना सॅल्यूट करावा लागत नाही, बाकी काही बोलू नकोस, जे रोज करतेस ते कर.

मी गरम पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन गेले. पायांच्या बाजूला थांबले. त्यांनी बघितलं. म्हणाले, आज अंग पुसायचं नाही, निघालोय. मी म्हणाले, निघा जी, घरी स्वच्छ होऊन जा. हात पुसले, पाठ पुसली. पाणी निवत आलं. शेवटी जे शिकवलं होतं तेच विचारलं, पण भीतीनं आवाज इतका बारीक निघाला की त्यांना कान पुढं करावा लागला.

"आबा, घरी काय करायचं सोडलं जी?"

त्यांनी खाटेवरच्या पिशवीचा बंद ओढून घट्ट केला. मला वाटलं, संपलं.

"बायकोसमोर मोजं काढायचं," ते म्हणाले.

मी फडकं पिळत उभी राहिले. ते हळूहळू बोलू लागले. पावसाळ्याच्या आधीपासून ते मोजे घालून झोपत होते, आणि दवाखान्यातही घरी साखर तपासायला जातो असं सांगून आले होते. नव्या चपलेचा चट्टा पडला होता, बाकी काही नाही. रिटायर होऊन आले तेव्हा गावानं ट्रॅक्टरवरून मिरवत आणलं होतं. काल आम्ही परत तेच केलं. आता त्याच गावात काठी टेकत जायचं.

"गोळीनं पाय गेला असता तर सांगता आलं असतं गं. चपलंनं गेला, हे कुणाला सांगू?"

यावर काय म्हणायचं, ते मेजरबाईंनी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, गावाला नका सांगू जी. काकूंना बोलवायचं का?

त्यांनी पाय पुढं केला. मी सिस्टरला हाक मारली, आणि ड्रेसिंग होईपर्यंत फोनही झाला.

काकू दुपारनंतर पुतण्याच्याच गाडीतून आल्या. आबांनी त्यांच्यासमोर चादर बाजूला केली. काकूंनी बघितलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आवं, मोजं कोण धुतंया? डाग मला दिसत नसतील व्हय? वाट बघत हुते, कवा सांगताय म्हणून." आबा म्हणाले, मग बोलली का नाहीस. काकू म्हणाल्या, तुमी मेजर, तुमाला कोण बोलणार. सिस्टर तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली. आबांना आधी राग आला आणि मग हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. दोन बोटं गेली. पाय राहिला.

मेजरबाईंनी मला शाबासकी दिली नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी मला पुढं उभं केलं आणि स्वतः माझ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, आज ही सांगेल, तिला कसं जमलं. सर्जन समोर, डॉक्टर समोर. मी 'जी' टाळायला गेले तर वाक्यच अडकलं. मागच्या खुर्चीवरून त्यांचा आवाज आला, तुझ्या बोलीतच बोल, तिच्यामुळंच त्यो बोलला. त्या दिवसापासून माझ्या 'जी'ला कुणी हसलेलं मला आठवत नाही. हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही. घरी आईला फोनवर सांगितलं की मी डॉक्टरांना शिकवलं. आई म्हणाली, खोटं बोलू नको वो बाई. मग तिनं शेजारणीला हाक मारून तेच सांगितलं.

आता मेजरबाई साताऱ्याला येत नाहीत. सांगलीच्या एका दवाखान्यानं बोलावलं, आणि तिथं त्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलंय. कडेगावाहून सांगलीची एस.टी. जास्त हलते, त्यामुळं झोप लागत नाही, एवढीच त्यांची तक्रार कानावर आली. इथला शनिवार आमचा सांगलीचा डॉक्टर आणि मी मिळून घेतो. तो टेबलावर फौजी होऊन झोपतो आणि खोटं फार छान बोलतो.

पण त्यांचं नाव निघालं की मला आठवतो तो आबांचा घरी जायचा दिवस. शनिवार होता. पोर्चमधल्या बाकावर आबांनी पाय पसरला होता आणि काकूंनी तो मांडीवर घेतला होता. नव्या मऊ बुटात कापूस कुठं खुपतोय ते त्या बोटानं चाचपत होत्या. माणसं येत जात होती. आबा कुरकुरत होते, हळू गं, आणि कुणी बघतंय का ते बघतही नव्हते.

मेजरबाई फाटकातून आत आल्या, त्यांना हे दिसलं, आणि त्या औषधाच्या दुकानाच्या आडोशाला थांबल्या. मी पिशवी घ्यायला धावले, चला म्हणाले, आबांना भेटा, त्यांना बरं वाटेल. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नगं. मला बघितलं की पाय खाली घेतील."

वर्गाची वेळ होऊन गेली. वरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. त्या हलल्या नाहीत. काकूंनी बूट चढवला, नाडी बांधली, आबा त्यांच्या खांद्यावर हात टेकून उठले आणि गाडीत बसले. माझं सगळं लक्ष गाडीकडं होतं. ती कोरेगावच्या रस्त्याला वळली तेव्हा मी मेजरबाईंकडं बघितलं.

त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली होती. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. औषधाच्या दुकानामागं, जिथून आबांना दिसणं शक्य नव्हतं, तिथं त्या सावधान उभ्या होत्या.