दुजोरासाहेबांची अंदाजवही

ज्या सोमवारी वही संस्थेत जमा झाली, त्या दिवसाचे जबाबदार तत्कालीन संचालक. ज्या बुधवारी संस्थेच्या सभागृहात ते भव्य चित्र त्यांच्याच नावाने लागले, त्या दिवसाचेही तेच. आणि ज्या शुक्रवारी "अशी कोणतीही वही अभिलेखात आढळत नाही" असे आमच्या तक्रारीला उत्तर आले, त्या दिवसाचा जबाबदार त्यावर सही करणारा प्रशासन अधिकारी. तारखा मजजवळ आहेत. योग्य ठिकाणी सादर करीन. येथे वार पुरेत.

ज्यांची ती वही, त्यांना सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टर्समध्ये सारे दुजोरासाहेब म्हणत. पहिल्या नजरेत दिसलेल्या कशावरही त्यांचा विश्वास बसत नसे. "दुजोरा कुठे आहे?" हा प्रश्न दूधवाल्यापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सर्वांना लागू होता. बाजारात शर्ट घेताना ते तो एकदा ट्यूबलाइटखाली पाहत आणि एकदा बाहेर उन्हात नेऊन.

"अंकल, शर्ट है, सोना नहीं," दुकानदार वैतागे.

"सोने पर तो मुहर होती है. तुम्हारे रंग की गारंटी कौन देगा?"

ही खोड म्हणजेच त्यांच्या कामाची शिस्त होती. ते एका खगोलशास्त्रीय संस्थेत तांत्रिक सहायक होते. डोंगरावरच्या दुर्बिणीने टिपलेली छायाचित्रे साफ करून, मोजून पुढे पाठवायची, हे त्यांचे काम. त्यांतली एक जोडी त्यांनी मनाशी धरली होती: एकमेकींत गुंतलेल्या दोन सर्पिल दीर्घिका. "अहो, ही व्याह्यांची गळाभेट आहे," ते मला म्हणाले होते. "लांबून प्रेम वाटतं. जवळून पाहा, दोघेही एकमेकांचं ओढून नेतायत. तारे ताऱ्यांना धक्कासुद्धा लावत नाहीत. मारामारी सगळी वायूची आणि धुळीची."

त्यांची पद्धत अशी. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातले छायाचित्र ठेवायचे आणि त्यावर बटरपेपर टाकून पेन्सिलीने आकृती गिरवायची. त्याच जोडीचे अवरक्त प्रकाशातले, म्हणजे धुळीच्या आरपार येणाऱ्या किरणांतले छायाचित्र येण्यापूर्वीच, त्यात कोठे काय दिसेल हे वहीत लिहून टाकायचे. खाली त्यांची सही, आणि साक्षीदार म्हणून माझी. "उत्तर पाहिल्यावर कोणीही अंदाज बरोबरच सांगतो," हे त्यांचे कारण. माझी सारी नोकरी सरकारी मसुदे तपासण्यात गेली. "तुम्ही कोणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही, म्हणून तुम्ही," असे त्यांनी मला सांगितले. वहिनी पोह्यांच्या बशा आदळत म्हणत, "दोन संशयी माणसं एका टेबलावर! यातही काही लपलंय का, बघून घ्या."

एका रविवारी त्यांनी लिहिले: 'डावीकडच्या दीर्घिकेतला सर्वांत तेजस्वी ठिपका हे तिचे केंद्र नव्हे. खरे केंद्र डावीकडच्या काळ्या धूळपट्ट्यामागे आहे.' मी सही केली. काही महिन्यांनी अवरक्त छायाचित्र आले. त्यात तो काळा पट्टा जवळजवळ विरला होता, आणि मागे, त्यांनी सांगितले होते तेथेच, केंद्र उजळले होते. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "थांबा. कॅमेऱ्याचा डाग असेल." पुन्हा काढवलेल्या छायाचित्रातही ते केंद्र तेथेच राहिले, तेव्हा कुठे त्यांनी पोहे खाल्ले.

पुढचे पाप माझे. ती वही रीतसर, वरिष्ठांमार्फत संस्थेला सादर करावी, असा आग्रह मी धरला. "आत गेलेली वही बाहेर येत नाही, यार," ते म्हणाले. मी त्यांना नियम ऐकवले, मसुदाही मीच लिहिला. संचालकांनी वही चाळली आणि म्हणाले, "अच्छा शौक है आपका. देख लेंगे." हाती पोचपावती दिली: 'एक वही मिळाली.' कशाची, किती पानांची, कोणाच्या सह्यांची, काही नाही. अशा पावत्या मी आयुष्यभर शेरा मारून परत पाठवल्या. ती मात्र वाचून मी म्हणालो, "ठीक आहे."

दुजोरासाहेब निवृत्त होऊन नोएडाला लेकीकडे गेले, आजारी पडले. तेव्हाच सभागृहात त्या जोडीचे ते भव्य चित्र लागले. खाली, लपलेले केंद्र प्रथम ओळखणारे म्हणून संचालकांचे नाव. मी तक्रारीचा मसुदा घेऊन तडक नोएडा गाठले. त्यांनी पेन उचलले नाही.

"तुम्ही वहीत सही केलीत, तेव्हा मी काय लिहिलं ते कळलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "अक्षर तुमचं आणि तारीख खरी, एवढंच पाहिलं."

"मग तुमचा दुजोरा कच्चा. उद्यापासून दुपारी या."

पंधरवडाभर मी गेलो. गच्चीवर उन्हात दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून त्यांनी मला शिकवले: निळसर गाठी म्हणजे तरुण तारे, ते भपका फार करतात, जुन्या ताऱ्यांची खरी गर्दी धुळीआड असते, आणि लांब लहरींचा प्रकाश त्या धुळीत अडकत नाही. बोलताना त्यांना धाप लागे. शेवटच्या दुपारी त्यांनी फक्त साधे छायाचित्र पुढे सरकवले. "दाखवा केंद्र." मी काळ्या पट्ट्यावर बोट ठेवले. "जरा खाली," ते म्हणाले. मी बोट सरकवले. मग त्यांनी तक्रारीवर सही केली. त्या शुक्रवारचे उत्तर येण्याआधीच ते गेले.

संचालक आता ठिकठिकाणी व्याख्याने देतात. त्यांना माझे जाहीर विचारणे आहे. वही हरवली असेल तर तसे म्हणा. हरवणे हा गुन्हा नव्हे. पण मग त्या चित्राखाली तुमचे नाव कोणत्या कागदाच्या आधारे लागले, तो कागद दाखवा. उत्तर पत्राने नको. पत्रे मजजवळ पुष्कळ आहेत. त्याच सभागृहात, त्याच चित्रासमोर उभे राहून, वहिनींना पहिल्या रांगेत बसवून, त्यांच्याकडे पाहत द्या.