राळेसाठी तीस टनांचा पंप

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांचे किस्से मी काही मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साठतात, ओट्याखालच्या रिकाम्या बरण्यांसारखे. फेकवत नाहीत, कुणाला देताही येत नाहीत. त्यातल्या पंपाच्या किश्शांनी तर माझं डोकं अजून तापतं, त्यामुळे सांगताना आवाज चढला तर समजून घ्या.

आधी माझं सांगते. भोसरीला तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक प्रेस बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी चौदा वर्षं काढली. नवरा समीर डॉक्टर, त्याला आयर्लंडमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही तिथल्या नास नावाच्या गावी आलो. इथे मी अर्ज केला की एकच उत्तर येतं, "इथला अनुभव नाही." तेल काय आयर्लंडमध्ये उलटं वाहतं का?

आमच्या शेजारी नोएल राहतो. तो फिडल, म्हणजे इकडचं व्हायोलिन, वाजवतो आणि त्याच्याकडे स्प्रूसची, आपल्या देवदारासारखी, बरीच झाडं आहेत. त्या खोडांवर राळेचे गोळे जमतात. सालीसकट ती राळ पिशवीत भरायची, दोन गरम पाट्यांमध्ये दाबायची, की साफ राळ बाहेर येते. नोएलला ती फिडलच्या गजाला घासायला हवी होती आणि मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमात धुपासाठी. सांगाडा, पाट्या आणि दहा टनांचा सिलिंडर नोएलने जमवला होता. राहिला होता पंप. मी मनात म्हटलं, अश्विनी, हा प्रेस तू उभा कर आणि मंडळाकडून दोन ओळींचं पत्र घे. इथलं एक काम तरी कागदावर दाखवता येईल. मला तेवढंच हवं होतं.

* * *

मंडळाचा अध्यक्ष प्रसाद. समीरचा मित्र, सँडीफोर्डला सॉफ्टवेअरमध्ये आहे. पंप कोणता घ्यायचा हे ठरवायला त्याने काय करावं? व्हॉट्सॲपवर पोल टाकला! सहा टन, दहा टन, वीस टन, तीस टन. आपापल्या पसंतीचं बटण दाबा.

मी लिहिलं, "पिशवी तळहाताएवढी आहे. हाताने मारायचा छोटा पंप आणि दाब दाखवणारा चांगला गेज पुरे. मोटरचा पंप एकदम दाब देईल आणि पिशवी फुटेल."

तीस टन भरघोस मतांनी निवडून आला. ॲथलोनहून एकाने तर लिहिलं, "घेतोच आहोत तर मोठाच घेऊ, पुढे कामाला येईल." पुढे काय, ट्रॅक्टर दाबायचाय?

प्रसादने मला वेगळा मेसेज केला. "वहिनी, तुमचं मत नोंदवलंय. पण लोकशाही आहे ना."

* * *

पंप आणायला प्रसाद आणि मी गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "सिलिंडर भरायला तेल किती लागतं?"

प्रसाद म्हणाला, "थर्टी टन."

"ते नाही विचारलं मी."

मी आकडा सांगितला. स्ट्रोक किती, दाब किती, टाकीत तेल किती शिल्लक राहायला हवं, सगळं सांगितलं. तो माणूस लिहून घेत होता. मग त्याने प्रसादला विचारलं, "ही तुमची इंजिनिअर का?"

"नो, नो," प्रसाद हसत म्हणाला, "शी इज माय फ्रेंड्स वाइफ."

अरे, इंजिनिअर म्हटलं असतंस तर तुझी जीभ झडली असती का? मी गाडीत त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. तो मात्र वाटभर पंपाच्या रंगाचं कौतुक करत होता. तिथला होजपाइप महाग वाटला म्हणून त्याने तो ऑनलाइन मागवला. पंपाच्या दाबाला चालणाराच होज लागतो, हे मी त्याला तीनदा सांगितलं. "पाइप तो पाइप, वहिनी."

* * *

पत्राचा विषय मी त्याच्या घरी काढला. चहा घेता घेता म्हटलं, "प्रसाद, काम झालं की मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी देशील? प्रेसचं काम मी केलं म्हणून. नोकरीच्या अर्जाला जोडीन."

"देऊ की," तो म्हणाला. "पण वहिनी, खरं सांगू? सॉफ्टवेअर टेस्टिंगचा एखादा कोर्स करा. हायड्रॉलिक्सला आता स्कोप नाही."

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "वहिनी, पंपात तेल कुठलं घालायचं? गाडीचं चालेल?"

* * *

खंडेनवमीला अवजारांची पूजा, म्हणून नोएलच्या शेडमध्ये पंप पाटावर बसवला. मला निरोप काय, तर रांगोळी काढा आणि पंपाला ओवाळा. ज्या पंपाला मी नको म्हटलं त्यालाच ओवाळायचं! काढली रांगोळी. सणाच्या दिवशी तोंड कशाला वाजवा.

मी निरांजन लावेपर्यंत प्रसादने टाकीचं झाकण उघडून आत चमचाभर पंचामृत सोडलेलं. दूध, दही, मध, सगळं तेलात. मी ओरडलेच. त्याची आई नागपूरहून आली होती, ती मलाच म्हणाली, "देवाचं हाये ते पोरी, त्यानं काय खराब होते का?"

काकूंना काय बोलणार? पण प्रसाद बी.ई. आहे हो. सगळं तेल काढून टाकी धुवायला मला अख्खा रविवार लागला. हा शेजारी उभा राहून फोटो काढत होता.

* * *

दिवाळीच्या आधी प्रात्यक्षिक ठेवलं. शेडमध्ये मंडळ गोळा झालं, नोएल फिडल घेऊन बसला. समीर हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होता. प्रसादने बटण दाबलं, दाब चढला, आणि त्या ऑनलाइन होजच्या टोकाशी तेलाची केसाएवढी धार सुटली. नीट दिसतही नव्हती.

"लीक आहे वाटतं," असं म्हणत प्रसाद तिथे बोट लावायला गेला. घरचा नळ गळला की लावतो तसं.

मी त्याच्या मनगटावर इतक्या जोरात मारलं की तो मागच्या खुर्चीवर पडला. खोक्याचा एक पुठ्ठा उचलून त्या धारेसमोर धरला. धार पुठ्ठ्यातून आरपार गेली. मग मी पंप बंद केला आणि दाब सोडला.

"हे बोटात शिरलं की वर नुसता ठिपका दिसतो," मी म्हटलं. "आणि आत हात सडतो. भोसरीला माझ्यासमोर एकाची तीन बोटं कापावी लागली."

प्रसाद पुठ्ठ्याचं भोक बघत होता, पांढराफटक पडला होता. नोएलने मला चहा आणून दिला.

घरी येऊन मी फोन उघडला. म्हटलं, आज तरी पत्राचं निघेल. ग्रुपवर प्रसादचा मेसेज होता.

"आज मोठा अपघात टळला. डॉक्टरांच्या घरात वावरत असल्यामुळे वहिनींकडे प्रसंगावधान होतं. मंडळातर्फे डॉ. समीर यांचे मनःपूर्वक आभार."

खाली बेचाळीस अंगठे होते. त्यातला एक समीरचा.