चैत्रगौरीपुढचा डॉक्टर

आजार माणसाला क्षमा करायला शिकवतो, असं आजारातून उठलेले लोक लिहितात. मला आजाराने आडवं पडून सुई चालवायला शिकवलं. क्षमेपर्यंत अभ्यासक्रम पोहोचला नाही.

नाशिकच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "स्पायनल ट्यूबरक्युलोसिस." म्हणजे मणक्यांचा क्षय. जंतू हाड पोखरतात आणि पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाब येतो. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

"आमच्या डॉक्टरांचं ऐकत होते."

आमचे डॉक्टर म्हणजे जव्हारचे. अंगात सफारी, खिशाला पेनं, गावातल्या कुठल्याही समारंभाचे अध्यक्ष. मी घरी कापडी बाहुल्या करते. त्यांच्या नऊवाऱ्या, परकर-पोलकी, कोट सगळं काढता-घालता येतं, हीच माझी ऐट. पाठ दुखते म्हटल्यावर डॉक्टरांनी तपासलं नाही, हसले. "बाई, भातुकलीचं वय गेलं आता. बाहुल्या बंद करा, पाठ आपोआप बरी होईल."

मी बंद केल्या. पाठ दुखतच राहिली. संध्याकाळी ताप यायचा, ब्लाउज सैल होत चालले. "मनाचं आहे," डॉक्टर म्हणाले. मग एकदा बाजारात पायातली चप्पल निसटली आणि ते मला कळलंच नाही. मागून येणाऱ्या बाईने ती आणून दिली. त्यानंतर जीपमध्ये मागच्या बाकावर आडवी टाकून मला नाशिकला नेलं. मोखाड्याच्या पुढच्या प्रत्येक वळणावर मला आमचे डॉक्टर आठवत होते.

विश्रांतीनेही न थांबणारी पाठदुखी आणि संध्याकाळचा ताप असेल तर एक्स-रे मागून घ्या. डॉक्टर हसले तर दुसरे डॉक्टर बघा. रिफाम्पिसिन ही क्षयावरची गोळी आहे. तिने लघवी केशरी होते, घाबरू नका. गोळ्या मधेच सोडू नका.

वॉर्डात गाऊन देतात. तो मागे नाड्यांनी बांधायचा असतो आणि नाड्या कुणी बांधत नाही. माझं लुगडं समोरच्या खुंटीवर पिशवीत होतं. दिसायचं, नेसता यायचं नाही. गाऊनचा नमुना मी तिथेच मनात उतरवून घेतला.

"शिवू का?" मी नाशिकच्या डॉक्टरांना विचारलं.

"पाठ हलवायची नाही. हात तुमचे आहेत."

घरी आल्यावर उशाला चिंध्यांचं गाठोडं घेतलं. निजून शिवताना चष्मा कपाळावर सरकतो आणि सुई गळ्याशी पडते. तरी जव्हारचा डॉक्टर झाला. पोट, पुढे आलेली हनुवटी, काळ्या वायरचा स्टेथोस्कोप. सफारी केली, अध्यक्षाचा फेटा केला, लग्नातला कोटही केला. अंगात मात्र चादरीचा पांढरा गाऊन, पाठीमागे उघडा. तो अंगालाच टाके घालून पक्का केला. बाकीचे कपडे त्याच्या डोळ्यांसमोर दोरीवर टांगले.

चैत्रात मी पट्टा बांधून उभी राहू लागले होते. गौरीच्या हळदीकुंकवाच्या आराशीत त्याला मधोमध ठेवलं.

"हा मेला कोण गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ओळखणारे ओळखतील."

ओळखलं. बायका पन्ह्याचा पेला हातात धरून त्याला उलटा करून बघत होत्या आणि पदर तोंडाला लावत होत्या. माझी पाठ इतक्या दिवसांत प्रथमच दुखायची थांबली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीही उलटा केला.

"अगंबाई, आमचे हेच की! घरात अगदी असेच फिरतात. किती गोड केलाय हो!"

आमच्या घरची रीत अशी, की आराशीतलं जे सवाष्णीच्या मनात भरेल ते तिच्या ओटीत घालायचं. मी "नाही" म्हणेपर्यंत सासूबाईंनी भिजवलेल्या हरभऱ्यांसोबत डॉक्टर त्यांच्या ओटीत घातला. वर दोरीसकट कपडेही दिले.

आता मी चालते. मध्यंतरी त्यांच्या दवाखान्यावरून गेले. टेबलामागच्या काचेच्या कपाटात तो उभा होता, खाली पाटी: "कृतज्ञ रुग्णाकडून सप्रेम."

गाऊन निघत नाही आणि गाऊनवर सफारी चढत नाही. म्हणून त्याला पाठ भिंतीला लावून ठेवलं आहे.