साडूंनी दिलेला शब्द

गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं की ज्याचा चेहरा खुलतो, असा दारूविक्रेता साऱ्या आयर्लंडमध्ये एकच, आणि तो माझा साडू आहे. मेव्हणीला ड्रोहेडात नोकरी लागली, तिच्यामागून हे पुण्याहून आले आणि एका सुपरमार्केटच्या दारूविभागात चिकटले. स्वतः थेंब घेत नाहीत, पण कुठली वाइन कशाबरोबर प्यावी हे अशा तब्येतीत सांगतात, की ऐकणाऱ्यालाच चढावी. वयाचा पुरावा त्यांनी एकदा सत्तरीच्या बाईंकडे मागितला. बाई इतक्या लाजल्या, की पुढे साडूंच्याच काउंटरला येऊ लागल्या. शिवाय बाटली देण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, "जेवलात का?" मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काय करायचंय?" तर म्हणाले, "रिकाम्या पोटी घेतली तर? आपल्या हातून गेली ना!"

त्यांचं एक रोजचं गिऱ्हाईक होतं, निवृत्त बसचालक. त्याने एक दिवस साडूंना गळ घातली, "मी सोडतोय. मागायला आलो तरी मला देऊ नकोस." दुसरा कोणी हसून विसरला असता, साडूंनी शब्द दिला. पुढचे तीन आठवडे तो माणूस लांबूनच हात करून जाई आणि साडू घरी येऊन मेव्हणीला आयरिश लोकांच्या ढंगात सांगत, "युअर मॅन, आपला तो गडी, आज नुसतं दूध घेऊन गेला!" पोराचा निकाल लागल्यासारखा आनंद.

मग नाताळ आला. विभागाच्या तोंडाशीच व्हिस्कीवरच्या सवलतीचा भलामोठा फलक लागला. बसचालक त्याच्यापाशी थबकला, आत शिरला आणि बाटली घेऊन काउंटरला आला. साडू नाही म्हणाले. तो ओरडला, लोक जमले, मॅनेजरने माफी मागितली आणि बाटली स्वतः विकली. साडूंची रवानगी भाजीपाल्यात झाली. ऐकून मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

"मॅनेजरचं काही चुकलं नाही," ते मला म्हणाले. "विकायला ठेवलेली वस्तू नाही म्हणायचा मला काय अधिकार? पण तो फलक मीच टांगला होता हो. सरळ दिसावा म्हणून दोनदा काढून लावला."

तो माणूस पुन्हा त्या दुकानात फिरकला नाही. सुट्टीच्या दिवशी साडू समोरच्या सुपरमार्केटच्या दारूविभागात डोकावून येतात. तो तिथे दिसत नाही. त्याचं बरं वाटून घ्यावं की काळजी करावी, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.