साहेबाचा कुलवृत्तांत

आमच्या हिच्या मामांना जन्मात एकही परका माणूस भेटला नाही. जो भेटला तो एकतर नात्यातला निघाला, नाहीतर ज्याचं नातं अजून लागायचंय असा. शारजाला अल मजाजमध्ये ते राहायचे. टॅक्सीत बसले की दार नीट लागायच्या आत विचारायचे, "भाईसाब, आप मूल कहाँ के?" ड्रायव्हर म्हणायचा पेशावर. "वो तो अभी का. उसके पहले?" मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकायच्या आणि तो बिचारा पठाण हिरव्या सिग्नलला पणजोबा आठवत बसायचा. खालच्या ग्रोसरीतला मल्याळी तर मामा दिसले की आधी आजोबांचं नाव सांगायचा आणि मग दूध द्यायचा. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मामा कितीदा नापास झाले याचा हिशेब मामींनीसुद्धा सोडून दिला होता. रिव्हर्स घेताना शेजारी परीक्षा घेत बसलेल्या पोलिसाला त्याचं आजोळ विचारणारा माणूस पास होणार कसा?

या वेडाचं मूळ त्यांच्या तरुणपणात होतं. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघत होता तेव्हा मामा कोकणातली गावं पालथी घालत, लोकांच्या ओट्यांवर बसून, ताक पीत, मूळ पुरुष, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोण कुणाची सून आणि कुणाचं माहेर कुठलं हे लिहून घेत हिंडले होते. ग्रंथ छापून झाला, मंडळ बरखास्त झालं, पण मामा थांबलेच नाहीत. नोकरीनिमित्त शारजाला आले, एका कन्स्ट्रक्शन कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात चिकटले, आणि सुटीच्या दिवशी भेटेल त्या मराठी माणसाची पाळंमुळं खणू लागले. माझं लग्न जमलं तेच मुळी मामांनी माझ्या आत्याच्या सासरचा धागा काढला म्हणून. पुढे मी नोकरी शोधत इकडे आलो तेव्हा त्यांनी "जागा आहे रे" म्हणत हॉलमध्ये माझी गादी घातली. जागा अजिबात नव्हती. पण नोकरी लागून, मला खोली मिळून, ही इथे येईपर्यंत त्या दोघांनी मला एकदाही तसं जाणवू दिलं नाही. मी आज जो काही आहे तो त्या गादीवरून उठलेला माणूस आहे, हे सांगायला मला कसला संकोच?

त्याच काळात, म्हणजे नव्वदीच्या शेवटी शेवटी, साहेबाचं प्रकरण सुरू झालं. हा साहेब म्हणजे मामांच्या कंपनीतला इंग्रज सर्व्हे इंजिनियर. नाव सांगत नाही. परवानगीशिवाय कुणाला छापू नये असा मामांचाच दंडक होता. उंच, उन्हाने विटलेला, कमी बोलणारा, बिनलग्नाचा माणूस. एका वर्षी मामी खूप आजारी पडल्या. दर आठवड्याला दुबईच्या हॉस्पिटलात न्यावं लागे, आणि मामांकडे लायसन्स कुठलं? साहेब काही न बोलता सकाळी जीप घेऊन खाली उभा राहायचा. मामींना मागे आडवं व्हायला उशी ठेवायचा, आणि डॉक्टर सोडेपर्यंत बाहेर पेपर वाचत बसायचा. कधी आभार मानू दिले नाहीत. मामी बऱ्या झाल्या आणि मामांच्या मनात ते राहूनच गेलं. "या माणसाचं मी काय करू रे?" असं ते मला विचारायचे, जेवताना, मध्येच.

मग साहेब रिटायर होणार असं ठरलं. इथला नियम सरळ आहे: नोकरी संपली की व्हिसा खलास, सामान बांधा. मामांनी सवयीने विचारलं, "सर, गाव कुठलं तुमचं?" साहेब हसला आणि म्हणाला, "नोव्हेअर इन पर्टिक्युलर." बाप लढाईत गेला तेव्हा हा आईच्या पोटात होता. आईही लवकर गेली. एका मावशीने भाड्याच्या खोल्यांतून वाढवला, ती मावशीही आता नव्हती. आता कुठेतरी समुद्राकाठी बोर्डिंग हाउसमध्ये खोली घेईन, म्हणाला. मामा घरी आले ते पार हबकून. "अगो, साहेब लॉजवर राहणार! साठीनंतर! मेला तर मॅनेजर कळवणार, आणि कळवणार कुणाला?" मामींची पोळी तव्यावरच राहिली. त्या दिवशी घरात ठरलं की साहेबाला त्याचं गाव शोधून द्यायचं.

आणि मामा इंग्लंडवर तुटून पडले. तिकडच्या दफ्तरखान्यांना पत्रं गेली, चर्चच्या नोंदवह्यांच्या झेरॉक्स येऊ लागल्या. माझ्या गादीवर ऑफिसातला सगळ्यात मोठा ड्रॉइंगचा कागद पसरला गेला. खाली कोपऱ्यात रीतसर चौकट: स्केल, एक पिढी बरोबर दोन इंच, रिव्हिजन ए. चूक सापडली की ड्रॉइंग ऑफिसच्या रीतीने तिच्याभोवती ढग काढायचा आणि पुढची आवृत्ती, रिव्हिजन बी. एकेका आठवड्यात एक शतक मागे जात आम्ही आठव्या हेन्रीपर्यंत पोचलो. या राजाबद्दल मामांना मनापासून आदर होता. "सहा बायका केल्या ते त्याचं तो बघेल. पण दर चर्चने जन्म, लग्न, मरण लिहून ठेवा असा हुकूम याच्याच राज्यात निघाला. पुण्यवान माणूस!" पुढे हेन्रीच्या मुलाच्या राज्यात पूजेची एक रीत, थोरल्या मुलीच्या राज्यात दुसरी, धाकटीच्या राज्यात पुन्हा तिसरी, अशी उलथापालथ झाली तरी लोकांनी नोंदी ठेवल्या, म्हणून मामा त्या अनोळखी पाद्र्यांना हात जोडायचे. ते किचकट अक्षर बघून मला घेरी यायची. मामा म्हणायचे, "मोडी वाचलीयेस का कधी? मग बोलू नको." एका पूर्वजाचं मृत्युपत्र मिळालं, त्यात मुलीला दोन मेंढ्या आणि कथलाची ताटं दिलेली. मामांनी दफ्तरखान्याला कळवळून विचारलं की ताटांवर नावं घातलेली होती का. त्याचं उत्तर आलं नाही.

सगळं एका टॉमसपर्यंत सुरळीत आलं. टेकडीवरच्या एका गावात बाप्तिस्म्याची नोंद होती: टॉमस, बापाचं नाव टॉमस. गाडी इथे अडली. बाप जिवंत असताना त्याचंच नाव मुलाला? छे, कुठला बाप ठेवील! मी म्हटलं, "मामा, आठव्या हेन्रीचं नाव बापाचंच ठेवलं ना, बाप सातवा हेन्री धडधाकट असताना?" मामा उसळले. "राजांचं सोड! मी गृहस्थांबद्दल बोलतोय. आपल्या साहेबाचंच बघ. बाप गेला, म्हणून त्याला बापाचं नाव ठेवलं. म्हणजे यांच्यातही रीत तीच!" झालं. टेकडीवरचा थोरला टॉमस तर नोंदीप्रमाणे पुढे चांगला म्हातारा होऊन वारला, म्हणून तो बाद. शोधता शोधता पलीकडच्या नदीकाठच्या गावात त्याच आडनावाचा दुसरा एक टॉमस सापडला, बाप्तिस्म्याच्या थोडाच आधी वारलेला. मामांनी टाळी वाजवली. "बायको पोटुशी. नवरा गेला. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर टेकडीवर. म्हणून नोंद तिथे, आणि घराणं नदीकाठचं! अरे, यात कठीण काय आहे?"

नदीकाठच्या चर्चचं दफ्तर एक वयस्कर बाई सांभाळायच्या. त्यांच्याशी मामांचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि टॉमस राहिला बाजूला. मुलगी सासरी पाठवताना विहीणबाईंना लिहावं तशी पत्रं जाऊ लागली. साहेबाचा उजवा गुडघा दुखतो, जिना नको. चहा कडक लागतो. विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढून घेत नाही, तेव्हा विचारावं. नाताळात एकटा बसतो, बसू देऊ नये. बाईंची उत्तरंही यायची: तळमजल्यावरचं एक छोटं घर रिकामं आहे, बघून ठेवते. निरोपाच्या दिवशी मामांनी साहेबाला कुलवृत्तांत दिला, टाइप करून, बाइंड करून. गोत्र अज्ञात, कुलदैवत गावच्या चर्चमधला संत, मूळ गाव नदीकाठचं. साहेबाने तो बराच वेळ चाळला, आणि म्हणाला, "इन्शाल्ला, जातो तिथे." विमानतळावर मामा ढसाढसा रडले. मामींनी साहेबाच्या हातात लोणच्याची बाटली दिली आणि दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या.

साहेबाच्या जागी नवा इंग्रज आला. एका गुरुवारी तो बायकोमुलाला ऑफिस दाखवायला घेऊन आला. "मी जॉर्ज, आणि हा धाकटा जॉर्ज," म्हणाला. मामा त्या पोराकडे बघतात, मग त्या तांबड्यालाल, दणदणीत जिवंत बापाकडे बघतात. शेवटी धीर करून विचारलं, "सर, तुमच्यात हे... चालतं?" त्याने सांगितलं की त्याच्या बापाचं नाव जॉर्ज, आणि म्हातारा रोज पोहायला जातो.

मामा दुपारीच घरी आले. जेवले नाहीत. "माझ्या रीतीने मी त्याचं घर ठरवलं. तो टेकडीवरचाच. आणि टेकडीवर आता कोणी राहतसुद्धा नाही. माणसाला मी परक्याच्या दारात नेऊन सोडलं रे." इतका खचलेला माणूस मी त्या घरात त्याआधी पाहिला नव्हता. मामी म्हणाल्या, "मग फोन करा की. बसलाय काय!" मी खालून फोनचं कार्ड आणलं. स्पीकर लावला. मामांनी अडखळत सगळं सांगितलं, टॉमस, बाळंतपण, जॉर्ज, आणि शेवटी माफी मागितली.

साहेब पलीकडून म्हणाला, "ते मला ठाऊक होतं. तू पुस्तक दिलंस तेव्हाच तो टॉमस वाचला. माझ्या शाळेतल्या निम्म्या पोरांची नावं बापाची होती."

"मग तरी का गेलात, सर?"

"मला आयुष्यात कोणी शोधलं नव्हतं. तू शोधलंस. तू सांगितलं असतंस तर मी मंगळावर गेलो असतो." मग म्हणाला, "आणि इथे स्टेशनवर चार माणसं न्यायला आली होती. माझ्या गुडघ्याची चौकशी करत होती. परवापासून चर्चच्या घड्याळाला चावी द्यायचं काम माझ्याकडे आहे. मी आता हलत नाही. खलास."

मामांनी फोन ठेवला. मग एकदम उठले. "अरे, म्हणजे हे दत्तक झालं! रक्ताचा नाही, पण घराने घेतला. दत्तकाची रीतसर नोंद असते!" कागद पुन्हा पसरला, नवी रिव्हिजन पडली. घेणारे, नदीकाठचं गाव, असं सुंदर अक्षरात लिहिलं, आणि पेन थांबलं. दत्तक हवेतून येत नाही; कुणीतरी तो आपल्या घरातून द्यावा लागतो. आईबाप नाहीत, मावशी नाही. "देणारे कोण लिहू?" मामा हताश होऊन म्हणाले.

"कोण म्हणजे?" मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आपण. आणि माझं नाव आधी लिहा. तुम्ही तर एअरपोर्टवर त्याला सोडायला तयार नव्हतात."

आता साहेब नाही. तो त्याच गावात वारला, आणि बाईंनी कळवलं की त्या दिवशी चर्चमध्ये जागा पुरेना, लोकांना उभं राहावं लागलं. मग मामा गेले, त्यांच्यामागे मामीही. तो कागद माझ्याकडे आला आहे. कधीतरी उलगडतो. आठव्या हेन्रीच्या काळापासूनच्या त्या सगळ्या मंडळींच्या खाली, अगदी तळाशी, एक ओळ आहे: देणारे, आधी मामींचं नाव, मग मामांचं, मुक्काम शारजा. त्या घराने सांभाळून, हात धरून जगात सोडलेली माणसं दोन. साहेबाची नोंद झाली. माझी राहिली होती, ती आज मी करतो आहे.