अक्षराला चिकटवायला काहीतरी आणा

बालवर्गाला शिकवायला लागलं की किस्से शोधावे लागत नाहीत, डिंकासारखे बोटांना चिकटून घरी येतात! मी बोरिवलीच्या एका मराठी शाळेत आहे, अजून प्रोबेशनवर. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आल्याआल्याच बजावलं, "पालकसभेत मुलांना अक्षरांचे आवाज आले पाहिजेत. नाही आले, तर तुझं पुढचं बघू."

*

पुठ्ठ्याच्या 'म'वर मसूर चिकटवत होतो. विहान अगदी शांत. मला वाटलं, किती गुणी पोर! वाकून बघते तर मसूर नाकात! मी किंचाळले. मोठ्या बाई आल्या, त्याची दुसरी नाकपुडी दाबली, "हं, शिंकर जोरात." मसूर उडाला तो थेट माझ्या गालावर!

"सापडला ना? चिकटव आता," म्हणाल्या.

*

'ख'साठी घरून काहीतरी आणा, म्हटलं. मला अपेक्षा खारकेची. गोराईच्या कोळीवाड्यातल्या जेनीनं डबा उघडला आणि मी टेबलावर! आत जिवंत खेकडा, नांग्या उगारून.

जेनी शांतपणे म्हणाली, "बाई, डिंक पोटाला लावू का पाठीला?"

*

'घ'चं घड्याळ आर्याच्या पप्पांनी बनवलं. आर्किटेक्ट आहेत. लाकडी 'घ', आत चालणारे काटे, मागे लाइटिंग. एकदम झकास! मी विचारलं, "आर्या, हे अक्षर काय म्हणतं गं?"

"माहीत नाही. पप्पांनी हातच लावू दिला नाही."

वाट लागली ना माझी! पालकसभा चार दिवसांवर.

*

पालकसभेला संस्थेचे अध्यक्षसर आले. समोर रव्याचा 'र', डिंक अजून ओला. सरांनी विचारायला निवडली नेमकी ओवी, जी वर्गात आजवर एक शब्द बोललेली नाही!

"बाळ, याचा आवाज काय?"

मोठ्या बाई माझ्याकडे बघतायत. मग ओवीनं सरांचं बोट पकडलं आणि अक्षरावर टेकवलं.

"आधी बोट फिरवायचं. वरून खाली. घाई नको."

हुबेहूब माझा सूर! सरांनी फिरवलं.

"आता म्हणा, र्र्र."

"र्र्र," सर म्हणाले.

"छान. हात धुऊन या."

मी तर डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा सर ओले हात पुढे धरून तिच्यासमोर उभे होते.

"धुतले, बाई."

ओवीनं ते उलटेपालटे करून तपासले.

"नखं?"